लंडनचे गुन्हे आणि लंडनचे पोलीस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या जुन्या फौजदारी खटल्यांचं वाचन हा माझा कित्येक वर्षांचा नाद. त्यावर बोलायला लागलं की ऐकणारे तेच तेच प्रश्न विचारतात. शाळेत इतिहास शिकवणारे विचारतात, तिकडे नोकरीला गेलेली मराठी मुलं विचारतात, आणि जॅक द रिपर या बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या खुन्याबद्दल तर सगळेच विचारतात. ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. काळ साधारण १७०० ते १९१०.

लंडनच का? युरोपात मोठी शहरं इतरही होती.

होती. पण लंडनसारखं वाढलेलं दुसरं नव्हतं. १७०० च्या सुमारास तिथे साधारण पावणेसहा लाख माणसं राहत होती. १८०१ च्या पहिल्या जनगणनेत आकडा साडेनऊ लाखांच्या वर गेला आणि १८५१ मध्ये साडेतेवीस लाखांच्या पुढे. एवढ्या गर्दीत शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा होतो, आणि जुनी गावकीची व्यवस्था नेमकी त्या ओळखीवरच चालत असते.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. पॅरिसमध्ये राजाने १६६७ मध्येच पोलिसांचा मुख्य अधिकारी नेमला होता. लंडनकरांना ते ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांनी पुढची १६२ वर्षं, म्हणजे १८२९ पर्यंत, तसलं काही आपल्या शहरात येऊ दिलं नाही. चोऱ्या सोसल्या, दंगली सोसल्या, पण सरकारी पोलीस नकोत म्हणाले. असं का, हे समजून घेण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

१८२९ च्या आधी पोलीस नव्हते, मग चोराला पकडायचं कोण?

बहुतेक वेळा ज्याच्याकडे चोरी झाली त्यानेच. शहर पॅरिशांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत वाटलेलं होतं. दर वर्षी तिथल्या घरवाल्यांपैकी कुणावर तरी कॉन्स्टेबल होण्याची पाळी येई. पगार नाही. आपलं दुकान सांभाळून हे काम करायचं. ज्याला परवडे तो पैसे मोजून बदली माणूस उभा करी, आणि तोच बदली माणूस मग वर्षानुवर्षं कॉन्स्टेबल म्हणून वावरे.

रात्री पहारेकरी असत. अंगात जाड कोट, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात उंच काठी, आणि पाऊस आला की टेकायला कोपऱ्यावर एक लाकडी खोकं. दर तासाला वेळ आणि हवा ओरडून सांगायची : दोन वाजून गेले, पाऊस आहे. चोर दिसलाच तर लाकडी खडखड्या गरगर फिरवून शेजारच्या पहारेकऱ्याला बोलवायचं. आपल्या खेड्यातल्या जागल्याची आठवण येते. जागल्याला मात्र गावातलं प्रत्येक तोंड माहीत असे, आणि लंडनच्या पहारेकऱ्याच्या गल्लीत रोज नवी माणसं राहायला येत.

हे पहारेकरी म्हातारे, झोपाळू आणि निरुपयोगी होते असं सर्रास लिहिलं जातं. ते सगळीकडे खरं नाही. सेंट जेम्स आणि सेंट जॉर्ज हॅनोव्हर स्क्वेअर या श्रीमंत पॅरिशांनी १७३५ मध्येच संसदेकडून कायदा करून घेतला, कर बसवला आणि पगारी पहारा ठेवला. गरीब पॅरिशांना तो खर्च झेपत नव्हता. म्हणजे एकाच शहरात एका रस्त्यावर चोख पहारा, आणि हद्द ओलांडली की अंधार.

चोर सापडला तर पुढे सरकार खटला चालवत असे ना?

नाही. सरकारी वकील ही गोष्टच नव्हती. फिर्यादीनेच साक्षीदार जमवायचे, कारकुनांची फी भरायची, दिवसभर कोर्टात ताटकळायचं. चार हातरुमाल गेलेला माणूस यात कशाला पडेल? तो चोराशी गुपचूप तडजोड करून माल परत मिळवायचा. १७५२ पासून गरीब फिर्यादीला खर्च मिळण्याची थोडीफार सोय झाली. या रिकाम्या जागेतच पुढच्या प्रश्नातला माणूस उगवला.

जोनाथन वाइल्ड हा पोलीस होता की गुंड?

दोन्ही कामं एकाच माणसाने केली, म्हणून तर त्याची गोष्ट समजून घ्यायला हवी.

१६९२ च्या कायद्याने वाटमाऱ्याला पकडून दोषी ठरवणाऱ्याला ४० पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. मजुराची वर्षभराची मजुरीही एवढी होत नसे. १७२० मध्ये लंडनच्या आसपासच्या वाटमारीसाठी राजाने आणखी १०० पौंड जाहीर केले. मग चोर पकडणं हा धंदाच झाला. वाइल्डने त्या धंद्याची पेढी थाटली. चोरी झालेला माणूस त्याच्या कचेरीत यायचा, काय गेलं ते सांगायचा, आणि काही दिवसांनी वाइल्ड म्हणायचा की वस्तूचा माग लागला आहे, अमुक रक्कम दिलीत तर मिळेल. माग लागायला वेळ लागतच नसे, कारण चोर त्याचेच असत. जो चोर हिशेब द्यायचा नाही, त्याला वाइल्ड स्वतः पकडून फासावर पाठवायचा आणि त्याचंही बक्षीस घ्यायचा. लोक त्याचा आदर करत, आणि तो स्वतःला चोर पकडणाऱ्यांचा सरसेनापती म्हणवून घ्यायचा.

जॅक शेपर्ड या तरुण चोराने त्याला जुमानलं नाही. शेपर्ड तुरुंगातून चार वेळा निसटला, आणि शेवटी १६ नोव्हेंबर १७२४ ला फाशी गेला. लोकांची माया शेपर्डवर बसली आणि वाइल्डवरची उडाली. सहाच महिन्यांनी वाइल्डवर खटला झाला. लेसच्या दुकानातली चोरी त्याच्यावर शाबीत झाली नाही. चोराला न पकडता त्या लेसच्या बदल्यात त्याने १० गिनी (साडेदहा पौंड) घेतल्या, एवढाच गुन्हा शाबीत झाला, आणि तेवढा पुरेसा होता. २४ मे १७२५ ला टायबर्न या फाशीच्या जागी त्याला फाशी दिलं.

बक्षिसं मात्र तशीच राहिली. १७५४ मध्ये मॅक्डॅनिएलची टोळी उघडकीला आली. ही माणसं गरीब पोरांना वाटमारीची फूस लावत, लुटला जाणाराही आपलाच ठेवत, आणि मग त्या पोरांना पकडून देऊन पैसे घेत. त्या पोरांच्या फाशीवर यांनी घरं चालवली. १७५६ मध्ये यांना चौकात खोड्यात उभं केलं, तेव्हा जमावाने दगडांचा असा वर्षाव केला की एक जण जागीच मेला. कुठेही डोक्यावर बक्षीस लावल्याची बातमी वाचली की मला ही टोळी आठवते.

बो स्ट्रीटचे ‘रनर’ कोण?

कॉव्हेंट गार्डनजवळच्या बो स्ट्रीटवर मॅजिस्ट्रेटची कचेरी होती. हेन्री फील्डिंग हा नाटककार आणि कादंबरीकार तिथे मॅजिस्ट्रेट झाला, आणि १७४९ च्या सुमारास त्याने सहाएक भरवशाची माणसं हाताशी धरली. बहुतेक माजी कॉन्स्टेबल. चोरीची बातमी येताच निघायचं, एवढं त्यांचं काम. लोक त्यांना रनर म्हणू लागले, त्यांना स्वतःला ते नाव आवडत नसे.

हेन्री १७५४ मध्ये वारला आणि त्याचा सावत्र भाऊ जॉन त्या खुर्चीवर बसला. जॉन अंध होता. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून तो न्यायासनावर बसे, आणि आवाजावरून शेकडो चोर ओळखतो अशी त्याची ख्याती होती. माझ्या मते त्याची खरी कर्तबगारी वेगळी. त्याने माहिती जमवायला शिकवलं. चोरी झाली तर लगेच कळवा, वस्तूचं बारीक वर्णन द्या, अशी तो वर्तमानपत्रांतून विनंती करायचा. ते वर्णन सावकार, गहाणवाले आणि सराईवाले यांच्याकडे जायचं. घोड्याचा रंग, घड्याळावरची अक्षरं, चोराच्या गालावरचा व्रण, सगळं छापून देशभर पाठवायचं. तोवर प्रत्येक चोरी सुटी होती. जॉनने त्या एका वहीत आणल्या.

तेव्हा क्षुल्लक चोरीलाही फाशी होती म्हणतात. मग चोऱ्या थांबल्या का नाहीत?

फाशीचे गुन्हे १६८८ च्या सुमारास पन्नासेक होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते दोनशेच्या वर गेले. कुणाच्या खिशातून त्याच्या नकळत शिलिंगभराहून जास्त किमतीची वस्तू काढली तर फाशी. हा कायदा १८०८ पर्यंत चालला. दुकानातून ५ शिलिंगांची, घरातून ४० शिलिंगांची चोरी केली तरी फाशी.

पण कायदा लिहिणं वेगळं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला मारणं वेगळं. ओल्ड बेली या लंडनच्या मोठ्या फौजदारी कोर्टाच्या नोंदी वाचताना एक आकडा सारखा डोळ्यांसमोर येतो : ३९ शिलिंग. घरातून चांगला पाच-सात पौंडांचा माल गेलेला असतो (एका पौंडाचे २० शिलिंग). फिर्यादी किंमत सांगतो, आरोपी मोलकरीण असते, रडत असते. ज्युरी म्हणते, दोषी, पण माल ३९ शिलिंगांचा. एका शिलिंगाने तिचा जीव वाचतो आणि तिला समुद्रापार पाठवतात. रोख पैशांची चोरी असली, नाणी मोजून समोर ठेवलेली असली, तरी ज्युरीने त्यांची किंमत ३९ शिलिंग लावल्याच्या नोंदी आहेत. बारा सामान्य माणसं शपथ घेऊन खोटं बोलत होती, आणि न्यायाधीश ते बोलू देत होते. मला त्या बारा जणांविषयी फार आदर वाटतो.

हद्दपारीची शिक्षा १७१८ पासून नेहमीची झाली. १७७५ पर्यंत साधारण ५०,००० कैदी अमेरिकेत गेले. तिकडे स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर ती वाट बंद झाली, आणि १७८७ पासून ऑस्ट्रेलिया सुरू झालं. १८६८ पर्यंत तिकडे गेलेले सुमारे १,६२,०००.

चोऱ्या मात्र थांबल्या नाहीत, कारण पकडलं जाण्याची भीतीच फार कमी होती. शिक्षा किती कडक यापेक्षा ती होईल याची खात्री किती, यावर धाक ठरतो, हे हळूहळू लोकांच्या लक्षात येऊ लागलं.

मग पोलीसदलाला विरोध कसला होता?

तीन-चार प्रकारचा होता.

पहिला, फ्रान्सचा धसका. पॅरिसचे पोलीस म्हणजे खबरे, घरझडत्या, पत्रं फोडणं, असं इंग्रजांच्या मनात पक्कं होतं. दुसरा, करांचा. तिसरा, हक्कांचा : सिटी ऑफ लंडन म्हणजे शहराच्या मधला एक चौरस मैलाचा जुना भाग, त्याची महापालिका आपल्या हद्दीत कुणाला पाय ठेवू द्यायला तयार नव्हती. आणि गरिबांचा, ज्यांना माहीत होतं की दंडुका आपल्यावरच पडणार.

जून १७८० मध्ये कॅथलिकांविरुद्ध पेटलेल्या गॉर्डन दंगलीत जमावाने न्यूगेटचा तुरुंग जाळला, बो स्ट्रीटची कचेरी फोडली आणि जॉन फील्डिंगची कागदपत्रं रस्त्यावर जाळली. शेवटी सैन्य आणावं लागलं, आणि गोळीबारात सुमारे २८५ माणसं मेली. एवढं होऊनही १७८५ चं पोलीस विधेयक संसदेत पडलं. पुढच्या वर्षी तेच थोड्या फरकाने डब्लिनमध्ये लागू झालं. जे लंडनला नको होतं ते आयर्लंडला चालत होतं.

मग डिसेंबर १८११. पूर्व लंडनमध्ये गोदीच्या मागे रॅटक्लिफ हायवे नावाचा रस्ता आहे. तिथे टिमथी मार या तरुण कापडवाल्याचं दुकान होतं. ७ डिसेंबरच्या मध्यरात्री दुकान आवरताना त्याने मोलकरणीला कालवं आणायला पाठवलं. तिला कुठे कालवं मिळाली नाहीत. परत आली तर दार बंद, आत अंधार. ती दार वाजवत राहिली. शेजाऱ्याने मागून भिंतीवरून उडी मारून पाहिलं, तेव्हा मार, त्याची बायको, तीन महिन्यांचं बाळ आणि कामावरचा पोरगा असे चौघे मरून पडले होते. बारा दिवसांनी, १९ तारखेला, जवळच्याच एका दारूच्या गुत्त्यात आणखी तिघांचा खून झाला. तिथला एक भाडेकरू चादरींना गाठी मारून खिडकीतून उतरला म्हणून वाचला. जॉन विल्यम्स नावाच्या खलाशाला पकडलं. तो खटल्याआधीच कोठडीत गळफास लावलेला सापडला, आणि त्यानेच हे केलं का, ते कोर्टात कधी सिद्ध झालंच नाही.

सारा देश हादरला. तरीही जॉन विल्यम वॉर्ड या खासदाराने पत्रात लिहिलं की घरझडत्या आणि गुप्तहेर सोसण्यापेक्षा तीन-चार वर्षांतून एकदा रॅटक्लिफ हायवेवर अर्धा डझन गळे चिरले गेलेले परवडतील. वाचून राग येतो, कारण गळे त्याचे नव्हते. पण त्याने मांडलेली भीती खोटी नव्हती. १८२२ मध्ये खुद्द रॉबर्ट पीलच्या, म्हणजे पुढे १८२९ मध्ये ज्याने पोलीसदल उभारलं त्या गृहमंत्र्याच्या, अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनेही म्हटलं की प्रभावी पोलीस आणि स्वतंत्र देशातलं मोकळं जगणं यांचा मेळ घालणं कठीण आहे.

लंडनचं पहिलं पोलीसदल १८२९ चं की थेम्स नदीवरचं?

नदीवरचं ३१ वर्षं आधीचं. पॅट्रिक कॉल्हून हा मॅजिस्ट्रेट आणि जॉन हॅरियट यांनी १७९८ मध्ये वॉपिंगला मरीन पोलीस सुरू केले. पैसा मुख्यतः वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांचा. नदीवर काम करणाऱ्या ३३,००० पैकी ११,००० चोर आहेत, असा कॉल्हूनचा दावा होता. पण चोरी कशाला म्हणायचं, हाच तर वाद होता. पिंप फुटून सांडलेली साखर, तळाशी राहिलेला गाळ हमालाने घरी न्यायचा ही जुनी रीत होती आणि मजुरी ठरवताना ती धरलेली असे. व्यापाऱ्यांनी एके दिवशी तिला गुन्हा ठरवलं. ती साखर मुळात गुलामांच्या घामाची, हेही विसरू नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिडलेल्या जमावाने वॉपिंगच्या कचेरीवर हल्ला केला आणि पोलिसांच्या बाजूचा एक माणूस मारला गेला. १८०० मध्ये सरकारने हे दल ताब्यात घेतलं.

पीलने १८२९ मध्ये नेमकं वेगळं काय केलं?

पील आधी आयर्लंडमध्ये सरकारचा मुख्य सचिव होता आणि १८१४ मध्ये तिथे त्याने शांतता राखण्यासाठी एक दल उभं केलं होतं. ते निमलष्करी होतं. लंडनमध्ये तसं चालणार नाही हे त्याने ओळखलं, आणि विरोधकांचा प्रत्येक आक्षेप जणू गणवेशात शिवून टाकला.

सैन्य लाल कपड्यात असे, म्हणून पोलिसांना निळा कोट आणि साधी उंच टोपी. बंदूक नाही, तलवार नाही. लाकडी दंडुका, तोही कोटाच्या शेपटीतल्या खिशात, दिसणार नाही असा. हेर म्हणतील, म्हणून ड्युटी नसतानाही गणवेश घालायचा. कॉलरवर विभागाचं अक्षर आणि आकडा, म्हणजे तक्रार करायची तर कुणाची ते कळावं. गळ्याभोवती चामड्याचा जाड पट्टा, मागून कुणी गळा आवळू नये म्हणून. पगार आठवड्याला २१ शिलिंग. त्यात सभ्य घरचा कुणी येणार नाही हे पीलला माहीत होतं आणि हवंही होतं. मतदानाचा हक्क नाही, तो मिळायला १८८७ उजाडलं.

कायद्यावर १९ जून १८२९ ला शिक्कामोर्तब झालं आणि २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी पहिली तुकडी रस्त्यावर आली. प्रमुख दोघे : वॉटर्लूला लढलेला कर्नल चार्ल्स रोवन आणि रिचर्ड मेन हा वकील. कचेरी ४, व्हाइटहॉल प्लेस. तिचं मागचं दार ग्रेट स्कॉटलंड यार्ड नावाच्या गल्लीत उघडायचं, म्हणून स्कॉटलंड यार्ड. वर्षभरात शिपाई तीन हजारांच्या वर गेले. सिटीच्या त्या एका चौरस मैलात मात्र त्यांना प्रवेश नव्हता. सिटीने आपले वेगळे पोलीस १८३९ मध्ये नेमले, आणि ते आजही वेगळेच आहेत.

पहिल्या क्रमांकाचा शिपाई पहिल्याच दिवशी दारू पिऊन आला म्हणून बडतर्फ झाला. पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं गेली, बहुतेक दारूपायीच. थंडीत, पावसात, रात्रीतून मैलोगणती ताशी अडीच मैलांच्या संथ चालीने तीच गल्ली तुडवायची, बसायचं नाही, टेकायचं नाही. त्या माणसांचा मी फक्त उपहास करू शकत नाही.

पोलिसांनी कसं वागावं याची पीलची नऊ तत्त्वं कुठे वाचायला मिळतील?

ती पीलची नाहीत. ‘पोलीस म्हणजेच जनता आणि जनता म्हणजेच पोलीस’ हे त्यातलं प्रसिद्ध वाक्य पीलच्या कागदपत्रांत नाही. ही यादी विसाव्या शतकात तयार झाली. १८२९ च्या मूळ सूचनांत मात्र पहिला उद्देश स्पष्ट लिहिला आहे : गुन्हा होऊच न देणे.

लोकांनी या पोलिसांना लगेच स्वीकारलं का?

अजिबात नाही. पील आणि रॉबर्ट या नावांवरून पीलर, बॉबी ही नावं आज प्रेमळ वाटतात. तेव्हा ‘निळे सैतान’ ही शिवीही चालायची.

१३ मे १८३३ ला कोल्डबाथ फील्ड्सच्या मैदानावर कामगारांची सभा पोलिसांनी दंडुक्यांनी मोडली, आणि त्या झटापटीत रॉबर्ट कली नावाचा शिपाई भोसकला गेला. मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या ज्युरीत तिथलेच दुकानदार आणि कारागीर होते. त्यांनी निकाल दिला : खून समर्थनीय. न्यायासनावरच्या अधिकाऱ्याने बदलायला सांगितला, त्यांनी ऐकलं नाही. पुढे त्या ज्युरीचे सत्कार झाले. त्याच वर्षी उघड झालं की विल्यम पोपे हा सार्जंट चित्रकार असल्याचं सोंग घेऊन एका राजकीय संघटनेत शिरला होता आणि लोकांना चिथावत होता. त्याला काढून टाकलं. खबऱ्यांची भीती चार वर्षांत खरी ठरली होती.

दुकानदार आणि मध्यमवर्ग पुढच्या वीस वर्षांत निवळला. हातगाडीवर भाजी विकणारे मात्र निवळले नाहीत. रोज ‘गाडी पुढे घे’ म्हणणाऱ्याचा राग येणारच.

साध्या वेशातले डिटेक्टिव्ह कधी आले?

एप्रिल १८४२ मध्ये डॅनियल गुड नावाच्या गाडीवानावर दुकानातून विजार चोरल्याचा आळ होता. शिपाई तबेल्यात विजार शोधायला गेला आणि गवताखाली बाईचं धड सापडलं. तो वाकून पाहतो आहे तोवर गुडने बाहेरून दार लावून कुलूप ठोकलं आणि पळाला. नऊ विभागांचे पोलीस त्याच्या मागावर होते, पण कुणाचा कुणाला मेळ नाही. अखेर टनब्रिजमध्ये एका माजी पोलिसाने त्याला ओळखलं. त्या फजितीनंतर ऑगस्टमध्ये आठ जणांची डिटेक्टिव्ह शाखा निघाली. दोन इन्स्पेक्टर, सहा सार्जंट, एवढ्या शहराला.

१८७७ मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या एका फसवणुकीत याच शाखेतले तीन वरिष्ठ अधिकारी लाच खाताना सापडून तुरुंगात गेले. १८७८ मध्ये नवी सीआयडी उभी राहिली.

पोलीस आल्यावर गुन्हे कमी झाले का?

१८५० नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत चोरी आणि मारहाणीचे नोंदलेले गुन्हे लोकसंख्येच्या मानाने उतरत गेले, यावर अभ्यासकांचं साधारण एकमत आहे. पण श्रेय एकट्या पोलिसांचं नाही. गॅसचे दिवे आले, मजुरी वाढली, शाळा सक्तीच्या झाल्या. सेंट जाइल्सची कुप्रसिद्ध वस्ती फोडून १८४७ मध्ये न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट काढला. गुन्हेगारीचा अड्डा गेला म्हणून कौतुक झालं. तिथली गरीब माणसं शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीने राहायला गेली, याची खंत फारच थोड्यांना वाटली.

आणि वर्तमानपत्रांचं सांगतो. जुलै १८६२ मध्ये एका खासदाराला रात्री पॅल मॅलवर मागून गळा आवळून लुटलं. वर्तमानपत्रांनी रान उठवलं, पोलिसांनी जास्त धरपकड केली, आकडे फुगले, आणि फुगलेल्या आकड्यांनी भीती आणखी वाढवली. १८६३ मध्ये फटक्यांची शिक्षा परत आली. तोवर ती लाट ओसरलीही होती.

जॅक द रिपर का सापडला नाही?

१८८८ मध्ये बोटांचे ठसे नव्हते, रक्त माणसाचं की जनावराचं हे सांगता येत नव्हतं. २९ आणि ३० सप्टेंबरच्या मधल्या रात्री तासाभराच्या आत दोन खून झाले, एक मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या, म्हणजे पीलच्या दलाच्या, हद्दीत आणि एक सिटीच्या हद्दीत. गुल्स्टन स्ट्रीटवर भिंतीवर खडूने लिहिलेली, ज्यूंचा उल्लेख असलेली एक ओळ सापडली. सिटीच्या पोलिसांना तिचा फोटो हवा होता. ज्यूंवर हल्ले होतील या भीतीने कमिशनर चार्ल्स वॉरन यांनी उजाडण्याआधी ती पुसायला लावली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं, गृहमंत्र्यांशी बेबनावामुळे.

खुनी कोण याच्या तर्कात मला रस नाही. त्याआधी मारल्या गेलेल्या मेरी ॲन निकल्स आणि ॲनी चॅपमन आपापल्या खुनाच्या रात्री रस्त्यावर का होत्या, हे मात्र सगळ्यांना माहीत असावं. सराईत एका खाटेचे चार पेन्स लागत आणि ते त्यांच्याकडे नव्हते.

बोटांच्या ठशांचा शोध स्कॉटलंड यार्डचा ना?

नाही, तो तिकडे कलकत्त्याहून गेला. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन अधिकारी होते. हजारो ठशांतून एक ठसा चटकन शोधता येईल अशी वर्गवारी बसवण्याचं मोठं काम या दोघांनी केलं. नाव लागलं हेन्रींचं. कलकत्त्यात १८९७ मध्ये ही पद्धत सुरू झाली, आणि लंडनला जुलै १९०१ मध्ये.

१९०२ मध्ये डेन्मार्क हिल भागातल्या एका घरातून बिलियर्डचे चेंडू चोरीला गेले. खिडकीची चौकट नुकतीच रंगवलेली होती आणि ओल्या रंगात डाव्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तो हॅरी जॅक्सनचा निघाला. ठशावरून इंग्लंडात झालेली ही पहिली शिक्षा, सात वर्षांची.

आपल्याकडचे पोलीस लंडनच्या धर्तीवर आहेत का?

नावं आणि हुद्दे पाहून तसं वाटतं. पण १८४३ मध्ये सिंधमध्ये चार्ल्स नेपियरने जे दल उभारलं त्याचा नमुना आयर्लंडचा होता, आणि पुढे इतर प्रांतांत तोच पसरला. लंडनच्या शिपायाने लोकांची मर्जी राखायची होती. वसाहतीतल्या शिपायाला ती अट नव्हती.

सावरकरांवर नजर ठेवणारे पोलीस कोणते?

स्कॉटलंड यार्डची स्पेशल ब्रँच. आयरिश बाँबवाल्यांसाठी ती १८८३ मध्ये निघाली. १९०६ मध्ये सावरकर हायगेटच्या इंडिया हाउस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायला आले, तेव्हा त्या घरावर पाळत सुरू झाली. आत खबरे घातले गेले. १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या, त्यानंतर ती आणखी घट्ट झाली, आणि १३ मार्च १९१० ला सावरकरांना व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलं. तेव्हा पोलीस कमिशनर होते एडवर्ड हेन्री, कलकत्त्याच्या ठशांचे तेच. त्याच्या शंभर वर्षं आधी इंग्रज खासदार ज्या पाळतीला घाबरत होते, ती पहिल्यांदा पुरत्या ताकदीने आयरिश आणि हिंदी माणसांवर चालली.

हे जुने खटले मला स्वतः वाचता येतील का?

येतील, घरबसल्या आणि फुकट. ओल्ड बेलीच्या १६७४ ते १९१३ च्या छापील नोंदी, सुमारे १,९७,००० खटले, इंटरनेटवर आहेत आणि शब्द टाकून शोधता येतात. इंग्रजी जुनं आहे, पण सोपं. आधी एखाद्या मोलकरणीचा किंवा खिसेकापू पोराचा छोटा खटला घ्या, तो पाच मिनिटांत संपतो, कोर्टातही तेवढ्यातच संपलेला असतो. जहाजांवरच्या हिंदी खलाशांचे खटले बरेच आहेत. त्यांना लास्कर म्हणत, तो शब्द टाकून शोधा. काही खटल्यांत दुभाष्या लावल्याची नोंदही सापडते. धिंग्रांचा जुलै १९०९ चा खटलाही तिथेच आहे. त्यांनी वकील घेतला नाही, या कोर्टाला माझ्यावर अधिकार नाही म्हणाले, आणि सगळं कामकाज एका दिवसात आटोपलं.